सार्वजनिक आरोग्याची पदवी : पडद्यावर आणि पाड्यावर

नोकरी न सोडता, गाव न सोडता आणि विद्यापीठाची पायरीही न चढता सार्वजनिक आरोग्य या विषयातील पदव्युत्तर पदवी घेता येते, ही गोष्ट आता नवलाईची उरलेली नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीने सारे वर्ग संगणकाच्या पडद्यावर नेले, त्याच्या कितीतरी आधीपासून लंडन आणि बाल्टिमोर येथील या विषयातील अग्रगण्य संस्था दूरस्थ विद्यार्थ्यांना ही पदवी देत होत्या. साथीने एवढेच केले की, रुग्णसंख्येचे आलेख रोज वर्तमानपत्रात पाहणाऱ्या पदवीधर तरुणांना हाही एक व्यवसाय असू शकतो याची जाणीव करून दिली. त्या जाणिवेचा जाहिरातदारांनी लाभ घ्यावयास वेळ लागला नाही. परिचारिका, दंतवैद्य, आयुर्वेदाचे पदवीधर, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, स्वयंसेवी संस्थांतील कार्यकर्ते असा एक मोठा वर्ग या शिक्षणाकडे आशेने पाहत आहे. ती आशा कितपत रास्त आहे हे तपासून पाहावयास हवे.

मुळात हा विषय वैद्यकाहून वेगळा आहे, याचा पुष्कळदा विसर पडतो. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ उद्भवली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने औषधाचा शोध घेतला नाही. मृत्यू कोणकोणत्या घरांत झाले याची त्याने नोंद केली, त्या घरांत कोणत्या पंपाचे पाणी येत होते हे पाहिले आणि त्या पंपाचा दांडा काढावयास लावला. पटकीच्या जंतूविषयीचे रॉबर्ट कॉखचे संशोधन त्यानंतर तीस वर्षांनी आले. म्हणजे रोगाचा जंतू ठाऊक नसतानाही त्याची वाट अडविता येते, आणि ती अडविण्यासाठी मोजदाद करावी लागते. पण नुसत्या मोजदादीने भागत नाही, हे महाराष्ट्राइतके दुसऱ्या कोणत्या प्रांताने अनुभवले असेल? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात घरझडतीचे सत्र सुरू झाले. त्या झडत्यांनी लोकांच्या मनात जो संताप निर्माण केला त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाली. त्याच साथीत, त्याच शहरात, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च रोजी देह ठेवला होता. आरोग्याचा उपाय कोण करतो आणि कोणत्या वृत्तीने करतो यावर त्याचे यशापयश किती अवलंबून असते, हे सांगावयास आणखी उदाहरण नको. या पदवीच्या अभ्यासक्रमात साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या जोडीला समाजशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि पर्यावरण हे विषय असतात, ते उगाच नव्हेत.

असे शिक्षण देणाऱ्या संस्था फारशा जुन्या नाहीत. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ साली या विषयाचे स्वतंत्र विद्यालय निघाले. त्याच प्रतिष्ठानच्या मदतीने १९३२ मध्ये कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था स्थापन झाली. मात्र केवळ डॉक्टरांपुरती मर्यादित नसलेली, आधुनिक धर्तीची पदव्युत्तर पदवी आपल्याकडे रुजावयास १९९७ साल उजाडावे लागले. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने तिचा प्रारंभ केला. तोपर्यंत ज्यांना हे शास्त्र शिकावयाचे होते त्यांना बहुधा समुद्र ओलांडावा लागे. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, तसेच गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ही दोन्ही दांपत्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकली आणि परत येऊन आडगावांत कामास लागली. बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आले, हा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे हीच पद्धत देशभरातील 'आशा' कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग बनली. परदेशी विद्येचा एवढा सव्याज परतावा क्वचितच मिळतो.

परंतु समुद्र ओलांडण्याची किंमत किती जणांना परवडते? अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात, म्हणजे एक गोष्ट करण्यासाठी दुसऱ्या गोष्टीवर सोडावे लागणारे पाणी, तो खर्च या शिक्षणात शुल्काहून मोठा असतो. दोन वर्षांचा पगार बुडतो, नोकरीतील ज्येष्ठता जाते, घरी वृद्ध आईवडील आणि शाळेत जाणारी मुले असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील एकुलता एक वैद्यकीय अधिकारी दोन वर्षांसाठी निघून गेला तर तिथल्या पंचवीस-तीस हजार लोकांनाही त्या शिक्षणाची किंमत मोजावी लागते. स्त्रियांच्या बाबतीत तर दूर जाणे म्हणजे बहुधा शिक्षणच न घेणे. दूरस्थ शिक्षणाचा खरा लाभ येथे आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बहि:स्थ विद्यार्थ्यांसाठी आपल्या परीक्षा खुल्या केल्या; आपल्याकडे १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पडद्यावरची पदवी ही त्याच परंपरेतील पुढची पायरी होय. टपालाने येणाऱ्या धड्याच्या मानाने तिच्यात एक मोठी सोय आहे : शंका विचारल्यावर उत्तरासाठी महिनाभर वाट पाहावी लागत नाही.

शिवाय या विषयाचा फार मोठा भाग पडद्यावर उत्तम शिकविता येतो. एक साधे उदाहरण घ्यावे. समजा, एका शाळेत २०० मुले आहेत. त्यांपैकी १८० मुलांना गोवराची लस दिलेली आहे, २० मुलांना दिलेली नाही. गोवराची साथ येते आणि २८ मुले आजारी पडतात. चौकशीअंती कळते की, त्यांतील १८ मुलांना लस दिलेली होती. गावात बोलबाला होतो की, लस घेतलेलीच मुले अधिक आजारी पडली, तेव्हा लस कुचकामी. आकडा खोटा नाही, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे. लस घेतलेल्या १८० पैकी १८ म्हणजे शेकडा १० मुले आजारी पडली. न घेतलेल्या २० पैकी १० म्हणजे शेकडा ५०. लसीने धोका पाचपटीने कमी केला. अंश पाहावयाचा आणि छेद विसरावयाचा, ही चूक सुशिक्षित माणसेही करतात, आणि करोनाच्या काळात तर ती अहोरात्र होत होती. छेद कोठे आहे असे विचारण्याची सवय हेच या शास्त्राचे अर्धे शिक्षण होय. ती सवय लागावी यासाठी खरीखुरी आकडेवारी, विनामूल्य मिळणारी संगणकीय साधने आणि पुन्हा पुन्हा थांबवून ऐकता येणारे व्याख्यान यांचा जो उपयोग होतो, तो शंभर जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून होत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम वैद्यकाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा करण्यात आला आहे, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

मग उणे कोठे पडते? ते पाड्यावर गेल्यावर कळते. विहिरीत टीसीएल पावडर टाकल्याची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत रोज होते. पण पावडरीचे पोते उघडे राहून तिच्यातील क्लोरीन उडून गेलेला असतो आणि ओटी चाचणीत पाण्याला पिवळा रंग चढतच नाही. हे पडद्यावरील तक्त्यात दिसणार नाही; तेथे शंभर टक्के शुद्धीकरण दिसेल. घरोघर पाहणी करावयाची तर दुपारी घरे बंद असतात, सून सासूसमोर खरे उत्तर देत नाही, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची नावे यादीत असतात आणि माणसे चार महिने दुसऱ्याच जिल्ह्यात असतात. आकडा जन्माला येतो तो अशा जागी. तो कसा जन्मतो हे ज्याने पाहिले नाही, त्याच्या हाती कितीही सुबक सॉफ्टवेअर दिले तरी तो चुकीच्या आकड्याचे अचूक गणित करील. दुर्दैवाने अनेक ऑनलाइन अभ्यासक्रमांत क्षेत्रकार्य हा भाग शेवटच्या सत्रातील एका प्रबंधिकेपुरता उरतो, आणि ती प्रबंधिकाही पुष्कळदा इतरांनी गोळा केलेल्या आकडेवारीवर लिहून भागते.

याला मार्ग नाही असे मात्र नाही. वर उल्लेखिलेल्या चेन्नईच्या संस्थेने २००१ मध्ये उपयोजित साथरोगशास्त्राची जी दोन वर्षांची पदवी सुरू केली, तिचा विद्यार्थी थोडे आठवडे चेन्नईस वर्गात असतो आणि उरलेला बहुतेक काळ आपापल्या राज्यात साथींचा तपास करीत असतो. वर्गासाठी गाव सोडावे लागते, पण कामासाठी नाही. जे तेव्हा प्रवासाने साधले ते आता अंशत: पडद्याने साधणे कठीण नाही, अट एवढीच की, विद्यार्थ्यावर देखरेख करणारा जाणता मनुष्य त्याच्या तालुक्यात किंवा निदान जिल्ह्यात असला पाहिजे.

पदवीच्या मान्यतेचा प्रश्न त्यामानाने रुक्ष आहे, पण विद्यार्थ्यांची सर्वांत अधिक फसगत तेथेच होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाची नियमावली केली आणि मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष असल्याचे २०२२ मध्ये स्पष्ट केले. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये आयोगानेच इशारा दिला की, परकीय विद्यापीठांशी परस्पर करार करून शिक्षणकंपन्यांनी चालविलेल्या पदव्यांना मान्यता नाही. २०२५ मध्ये तर मानसशास्त्र, पोषणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा आरोग्याशी संबंधित अनेक विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन वर्ग त्याने बंद करविले. नियमांचे वारे असे दर दोन वर्षांनी फिरत असता, शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत संस्थेचेच नव्हे तर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचेही नाव आहे काय, हे स्वत: पाहणे इष्ट. शिवाय ही पदवी कोणास डॉक्टर बनवीत नाही आणि रोग्यावर उपचार करण्याचा अधिकारही देत नाही. जाहिरातींत ही गोष्ट बारीक अक्षरांतही क्वचितच आढळते. आणि ऑनलाइन म्हणजे स्वस्त, हाही भ्रमच. काही नामांकित अमेरिकन विद्यापीठे घरी बसलेल्या विद्यार्थ्याकडून वर्गात बसणाऱ्याइतकेच शुल्क घेतात.

तथापि खरा पेच पुढेच आहे. सार्वजनिक आरोग्याचे काम बाजारात विकले जात नाही. न आलेल्या साथीबद्दल कोणी कोणास पैसे देत नाही. डॉक्टरच्या पदवीला रोगी गिऱ्हाईक असतो. या पदवीला गिऱ्हाईक मुख्यत्वे एकच, ते म्हणजे सरकार. ते गिऱ्हाईक हात आखडून आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे तो १.८४ टक्के होता, आणि तेही करोनाच्या काळात. त्याच धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र सेवासंवर्ग असावा असे म्हटले आणि २०२२ मध्ये केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. तामिळनाडूत असा संवर्ग फार जुना आहे. मद्रास प्रांताने १९३९ मध्येच सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला होता, आणि तेथे या शाखेतील अधिकाऱ्याला या विषयाचे शिक्षण घ्यावेच लागते. इतरत्र उत्तम शल्यविशारद हा वयोमानाने आरोग्यप्रशासक होतो आणि विषय शिकलेला तरुण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर अहवाल भरीत राहतो. अशा स्थितीत पदवीधरांची संख्या वाढविणे म्हणजे मागणी नसता पुरवठा वाढविणे होय, आणि त्याचा परिणाम काय होतो हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल.

तेव्हा या शिक्षणाचा खर्च नोकरीच्या शोधातील तरुणाने कर्ज काढून करण्याऐवजी, आधीच नोकरीत असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर राज्याने करणे अधिक किफायतशीर ठरेल. वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा परिचारिकेला दोन वर्षांची रजा द्यावयाची नाही. आठवड्यातून ठराविक तास अभ्यासाला मोकळे ठेवावयाचे, वर्षातून दोन आठवडे जिल्ह्याच्या ठिकाणी वर्ग भरवावयाचे, आणि तालुका व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या बढतीत ही पदवी मोजावयाची. भाषेची अडचणही येथेच सोडविली पाहिजे. हे अभ्यासक्रम बहुतेक इंग्रजीत आहेत. ज्या परिचारिकेचे सारे काम मराठीत किंवा गोंडी-भिलीत चालते, तिला साथरोगशास्त्राचे पुस्तक इंग्रजीत वाचून परीक्षा इंग्रजीत द्यावी लागते. अर्थशास्त्र मराठीतून पदव्युत्तर वर्गापर्यंत शिकविले जाते, तसे हे शास्त्रही शिकविता येईल.

गावोगावच्या उपकेंद्रांत विज्ञानाचे पदवीधर असलेले आरोग्य सेवक आहेत. त्यांच्या कपाटात हिवतापाच्या रक्तनमुन्यांच्या, विहिरींच्या आणि जन्ममृत्यूच्या कित्येक वर्षांच्या वह्या पडून आहेत, आणि कोणत्या वर्षीच्या नोंदी बसल्याजागी भरलेल्या आहेत हेही त्यांनाच ठाऊक आहे. प्रबंधिकेसाठी त्यांना परक्याची आकडेवारी मागवावी लागणार नाही.