वारंवार येणारी सूज आणि एक आनुवंशिक विकार

रात्री निजताना प्रकृती उत्तम असलेल्या मनुष्याचा ओठ पहाटे दुप्पट फुगावा, एक डोळा मिटून जावा, दोन-तीन दिवसांत चेहरा पूर्ववत व्हावा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तोच प्रकार घडावा, हा अनुभव काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. घरची मंडळी पित्त उठले असे समजतात. कोणी किडा चावल्याचे सांगतो, तर कोणी वांग्याला दोष देतो. चेहऱ्यावरील सुजेची कारणे पुष्कळ आहेत आणि बहुतेक वेळा ती नेहमीच्या उपचारांनी ओसरते. परंतु ज्या थोड्या रुग्णांत ती मुळीच दाद देत नाही, त्यांच्या बाबतीत एका दुर्मिळ विकाराचा विचार अवश्य झाला पाहिजे. त्याचे नाव आनुवंशिक अँजिओएडिमा.

सुमारे ५० हजार माणसांत एकाला हा विकार असतो. जर्मन वैद्य हाइन्रिख क्विंके यांनी १८८२ मध्ये अशा सुजेचे वर्णन केले आणि १८८८ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी ती एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांत दाखवून दिली. कारण मात्र १९६३ मध्ये उमगले. रक्तातील ‘सी-१ इनहिबिटर’ या प्रथिनाची उणीव, किंवा ते असूनही त्याचे निकामी असणे, हे या विकाराचे मूळ होय.

या प्रथिनाचे कार्य भोपाळकरांना सहज समजेल. बड्या तलावाचे पाणी भदभदा येथील दरवाजांनी आवरून धरले जाते. तलाव भरला म्हणजेच ते उघडतात. शरीरात ‘ब्रॅडिकिनिन’ नावाचे द्रव्य सूक्ष्म रक्तवाहिन्यांना सैल करते आणि त्यांतील पाणी बाहेर झिरपू देते. सी-१ इनहिबिटर हा त्यावरचा राखणदार आहे. तो नसला, की क्षुल्लक निमित्ताने दरवाजे उघडतात आणि ओठ, पापण्या, हात, पाय किंवा आतडी सुजतात. आतड्यांना सूज आली तर पोटात असह्य कळा येतात व उलट्या होतात. अशा वेळी आंत्रपुच्छाचा दाह समजून निष्कारण शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

पित्त आणि हा विकार यांतील भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पित्तात अंगाला खाज सुटते व गांधी उठतात. या सुजेत त्या नसतात. ती सावकाश, बहुधा दिवसभरात वाढते आणि दोन ते पाच दिवस टिकते. मुख्य म्हणजे ॲलर्जीच्या गोळ्या, स्टेरॉइड व ॲड्रिनॅलिन यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. रोगाचे नाव ठाऊक असणे येथे इतके मोलाचे का, ते यावरून कळेल. सूज घशात उतरली तर श्वासमार्ग बंद होऊन मृत्यू ओढवू शकतो, आणि निरुपयोगी औषधांत गेलेला प्रत्येक तास तेव्हा घातक ठरतो.

आवाज बदलणे, गिळताना अडखळणे, घशात काही दाटल्यासारखे वाटणे, ही धोक्याची चिन्हे होत. ती दिसताच हमीदिया रुग्णालय, एम्स किंवा जवळचे सुसज्ज रुग्णालय त्वरित गाठावे. सिहोर, रायसेन किंवा बैरसियाच्या बाजूला राहणाऱ्यांनी वाटेतला वेळही हिशेबात धरावा व सकाळ उजाडण्याची वाट पाहू नये. रोगाचे नाव, लागू पडणारी व न पडणारी औषधे डॉक्टरांच्या सहीने लिहिलेला कागद रुग्णाच्या खिशात सदैव असावा. अनोळखी डॉक्टराला त्याचाच आधार असतो.

निदानाची पहिली पायरी म्हणजे रक्तातील ‘सी-४’ या घटकाची तपासणी. त्यानंतर सी-१ इनहिबिटरचे प्रमाण आणि त्याची कार्यक्षमता या दोहोंची परीक्षा करावी लागते. झटक्याच्या वेळी त्या प्रथिनाचे किंवा इकॅटिबँटचे इंजेक्शन हा खरा उपाय आहे. ही औषधे महाग असून भारतात अनेक वर्षे दुर्लभ होती. म्हणून ती नसतील तेथे रुग्णालयात ताजा गोठवलेला रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, देतात. झटके टाळण्यासाठी डॅनॅझॉल किंवा ट्रॅनेक्झामिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात. डॅनॅझॉलने यकृतावर परिणाम होतो, स्त्रियांचा आवाज जाड होतो, आणि गरोदरपणी ते वर्ज्य आहे. डॉक्टरांच्या देखरेखीवाचून ते कदापि घेऊ नये.

नित्याची सावधगिरीही तितकीच महत्त्वाची. दात काढणे, मार, जंतुसंसर्ग व मानसिक ताण यांनी झटका येऊ शकतो. दंतवैद्याला आधी कल्पना दिल्यास प्रतिबंधक औषध देता येते. रक्तदाबावरील एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या आणि इस्ट्रोजेनयुक्त संततिनियमनाच्या गोळ्या या रुग्णांनी टाळाव्यात. सूज केव्हा, कोठे व कशानंतर आली याची टिपणवही ठेवल्यास उपचार ठरविणे सुकर होते.

आई किंवा वडील यांपैकी एकाला विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून निदान एका व्यक्तीचे झाले, तरी तपासणी भावंडांची व मुलांचीही व्हावी. ज्यांना अद्याप कधी सूज आलेली नाही, त्यांनाही ती पहिल्या प्रथम घशातच येऊ शकते; आणि त्या क्षणी रोगाचे नाव आधीच माहीत असणे हाच जीव वाचविणारा उपाय ठरतो.