रिकामा आणि रिकामटेकडा

वेळ वायां घालविण्याला मराठींत शब्दांची वाण नाहीं; पण ते शब्द एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. टंगळमंगळ करणाऱ्याच्या हातांत काम असतें, त्यांत मन नसतें. चालढकल करणारा तेंच काम उद्यांवर लोटतो. रेंगाळणाऱ्याला निदान कोठें तरी जावयाचें असतें, मात्र पाय उचलत नाहीं. इंग्रजींतील ‘लॉयटर’ ह्या शब्दाला पोलिसी संशयाचा वास येतो; आपल्या रेंगाळण्याला तो नाहीं. ‘उंडारणें’ मोकाट गुरांनाही लावतात, म्हणून मुलाला तो शब्द वापरतांना आईचा स्वर चढतो.

हिंडणें मात्र निर्दोष. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज जन्मभर हिंडले; पण गांवांत शिरले कीं हातांतला खराटा चालूं लागे. त्यांना उनाड कोण म्हणेल?

खरा घोटाळा ‘रिकामा’ आणि ‘रिकामटेकडा’ ह्या दोहोंत होतो. पहिल्यानें केवळ स्थिति कळते, दुसऱ्यानें दोष लागतो. अकोला-अमरावतीकडील पूर्णाकांठच्या खारपाण पट्ट्यांत जमिनींतलें पाणीच खारें. विहिरीच्या भरंवशावर उन्हाळी पीक घेणें बहुधा जमत नाहीं. पऱ्हाट्या उपटून झाल्या, वखर फिरला, कीं मृगाच्या पावसापर्यंत शेतांत काम तें काय उरणार? अशा दिवसांत पारावर बसलेल्या शेतकऱ्यांना पाहून मोटारींतून जाणारा एखादा शहरी गृहस्थ त्यांना ‘रिकामटेकडे’ म्हणून मोकळा होतो. ते रिकामे आहेत, आणि पाण्यावांचून रिकामे आहेत.

‘बेकार’ ह्या शब्दाची गत तर अधिकच वाईट. फारसींतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ कामाविना असलेला, एवढाच. आज आपण बेचव भाजीलाही बेकार म्हणतों आणि नोकरी न मिळालेल्या पदवीधरालाही. तेव्हां त्या तरुणाला आपल्याविषयीं काय ऐकूं येत असेल, ह्याचा विचार घरांतील वडील मंडळींनीं करावा.

आणखी एक जोडी सांगतों. ‘वेळ घालविणें’ ह्यांत घालविणाराची मर्जी असते. ‘दिवस काढणें’ ह्यांत ती नसते. सकाळीं मजुरीसाठीं चौकांत उभा राहून कोणी न बोलावल्यामुळें दुपारीं घरीं परतणारा मजूर दुसऱ्या प्रकारांत मोडतो, आणि पारावरचा तो शेतकरीही.