उन्हाळा आधी कोठे, मग कोठे?
नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या ऋतुमानाचा परिचय

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी लातूर परिसरातील शेतकरी सहकुटुंब शेतात जाऊन वेळ अमावस्या साजरी करतात. डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीचा पूर्वार्ध असा हा काळ थंडीचा असतो. यात्रेकरू शेकोटीच्या आधाराने रात्र काढतात. परंतु त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, होळीच्या सुमारास, याच भागात दुपारचे ऊन अंगाला चटके देऊ लागते. त्या वेळी दिल्लीकडील सकाळ अजून गारच असते. एकाच देशात उन्हाळा असा मागेपुढे का येतो आणि मराठवाड्यात तो नेमका केव्हा येतो, हे गावाचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

सूर्याचा उत्तरेकडील प्रवास

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य विषुववृत्तावर असतो. तेथून तो उत्तरेकडे सरकतो. १० एप्रिलच्या सुमारास तो कन्याकुमारीच्या माथ्यावर येतो, तर २१ जूनला कर्कवृत्तावर, म्हणजे उज्जैन-भोपाळच्या किंचित उत्तरेस पोहोचतो. या वाटेवर लातूर साधारणपणे १३ मे रोजी आणि नांदेड १६ मेच्या सुमारास लागते. त्या दिवशी भर दुपारी सव्वाबाराच्या सुमारास उभ्या रोवलेल्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. सुटीत गावी असलेल्या विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग शिक्षकांना सहज करून घेता येईल.

सूर्याबरोबर तापमानाचे केंद्रही उत्तरेकडे सरकते. मार्चमध्ये देशातील सर्वाधिक तापमान, सुमारे ३८ अंश सेल्सिअस, दख्खनच्या पठारावर आढळते. एप्रिलमध्ये गुजरात व मध्य प्रदेशात पारा ४२ अंशांच्या आसपास जातो. मे महिन्यात वायव्य भारतात ४५ अंश तापमान ही सामान्य बाब ठरते. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदविण्यात आले होते. दिल्लीच्या माथ्यावर सूर्य कधीच येत नाही; तथापि जूनमध्ये तेथील दिवस जवळजवळ १४ तासांचा असतो व पाऊस महिनाअखेरीस पोहोचतो. त्यामुळे तेथील उन्हाळा लांबतो. तात्पर्य, उन्हाळ्याची पहिली वर्दी दख्खनला मिळते. उत्तरेस ती नंतर पोहोचते.

अक्षांश एक, हवा वेगळी

केवळ सूर्याच्या स्थितीवर तापमान ठरत नाही. मुंबई व नांदेड ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, १९ अंश उत्तरेस वसलेली आहेत. असे असूनही मे महिन्यात मुंबईचे सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या घरात राहते, तर नांदेडचे ४० अंशांच्या पुढे जाते. समुद्राचे पाणी सावकाश तापते आणि दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे किनाऱ्याला दिलासा देतात. मराठवाड्यापर्यंत ते वारे पोहोचत नाहीत. येथील काळी जमीन ऊन अधिक शोषून घेते. रब्बीची पिके निघाल्यावर ती उघडी पडते आणि तिच्यात ओलावाही उरत नाही.

या दोन जिल्ह्यांतही फरक आहे. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात सखल भागी आहे, तर लातूर बालाघाटच्या पठारावर उंचावर आहे. हवेत दर हजार मीटर उंचीस तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी कमी होते. त्यामुळे लातूरची दुपार नांदेडच्या तुलनेत काहीशी सौम्य आणि रात्र अधिक सुखावह असते.

पंचांगातील ग्रीष्म आणि येथील वैशाख

परंपरेने ज्येष्ठ व आषाढ हे ग्रीष्माचे महिने मानले जातात. उत्तर भारताच्या हवामानाशी ही विभागणी बरीच जुळते. मराठवाड्यात मात्र खरा दाह चैत्र-वैशाखात असतो. ‘वैशाख वणवा’ हा शब्दप्रयोग त्याचीच साक्ष देतो. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे मराठवाड्यात दाखल होतो. आषाढी वारीला निघालेला वारकरी ग्रीष्मात नव्हे, तर पावसात चालतो. वायव्य भारतातील भूमी तापून तेथे जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो मोसमी वारे देशात ओढून आणणाऱ्या कारणांपैकी एक प्रमुख कारण होय. अशा रीतीने राजस्थानच्या उन्हाचा मराठवाड्याच्या पेरणीशी संबंध पोहोचतो.

तयारी फेब्रुवारीतच हवी

या ऋतुमानाचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. मे महिन्याची वाट पाहत राहिल्यास मराठवाड्यात उशीर झालेला असतो. सन २०१४ व २०१५ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिल्यानंतर लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातुरात पोहोचली. सूर्य माथ्यावर येण्यास तेव्हा एक महिना बाकी होता. विहिरींतील पाण्याची मोजणी, हातपंपांची दुरुस्ती व जनावरांच्या पाण्याची सोय फेब्रुवारीअखेर पूर्ण झाली पाहिजे, हाच त्या वर्षाचा धडा आहे.

मैदानी प्रदेशात पारा ४० अंशांवर जाऊन तो सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असल्यास, अथवा ४५ अंशांवर गेल्यास, भारत हवामानशास्त्र विभाग उष्णतेची लाट मानतो. असा इशारा मिळताच रोजगार हमीची व शेतीची कामे सकाळी लवकर व सायंकाळी घ्यावीत, कामाच्या ठिकाणी सावली व पाणी ठेवावे. शाळा सकाळच्या सत्रात भरवाव्यात. पत्र्याच्या वर्गखोल्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

अंग तापून कोरडे पडणे, बोलण्यात असंबद्धता येणे, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत. मात्र श्रम करणाऱ्यास घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. रुग्णास त्वरित सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग पुसावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीस तोंडाने पाणी पाजू नये.

महाराष्ट्रातच विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. स्थानिक ऋतुमान ओळखून वेळापत्रक आखण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. देशाचा उन्हाळा एक नाही. म्हणून त्याची तयारीही एका तारखेस सुरू होऊ शकत नाही. नांदेड-लातूरच्या गावांसाठी ही तारीख होळीच्या आधीची आहे. पाणपोईचा रांजण होळीपूर्वी भरला, तरच वैशाखात तो वाटसरूच्या उपयोगी पडेल.