समुद्रातील पाषाणस्तंभ

बंगळूरच्या लालबागेतील खडकावर खेळलेले मूल वडिलांबरोबर उडुपीजवळील मालपे बंदरातून होडीने सेंट मेरी बेटांवर उतरते, तेव्हा प्रथम विचारते ते हेच : हे खांब कोणी घडविले? प्रश्न रास्त आहे. पंचकोनी, षट्कोनी दगडी स्तंभ एकमेकांस असे खेटून उभे आहेत, की गवंड्याच्या ओळंब्याची आठवण व्हावी.

लाव्हारस थिजताना आकसतो आणि त्यास तडे जातात. आटलेल्या तळ्याच्या चिखलास पडतात तशाच या भेगा. मात्र त्या खोल उतरत जातात व खडक स्तंभांत विभागला जातो. येथे धुमसता शंकू शोधू नये. हा रस सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मादागास्कर भारतापासून विलग होत असतानाचा. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे स्तंभ याहून सुमारे २ कोटी वर्षांनी लहान. आणि लालबागेचा तो खडक? सुमारे ३०० कोटी वर्षांचा! खेळावयाची जागाच वयाने वडील ठरली.

बेटांवर वस्ती नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात. ओल्या स्तंभांवर पाय घसरतो व लाट अकस्मात येते. अशा जागी मुलाचा हात सोडू नये. उत्तरे किनाऱ्यावर परतल्यावरही देता येतात.