अक्षरकुळे (१२) : ओ-यू-जी-एच, हरवलेल्या ध्वनीची खूण

इंग्रजीतले सात शब्द घेऊ. दो म्हणजे जरी, थ्रू म्हणजे मधून, टफ म्हणजे चिवट, कफ म्हणजे खोकला, बाउ म्हणजे झाडाची मोठी फांदी, थरो म्हणजे कसून केलेले आणि थॉट म्हणजे विचार. देवनागरीत लिहिल्यावर या सातांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे वाटत नाही. रोमन लिपीत लिहिले की प्रत्येकाच्या पोटात ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे त्याच क्रमाने बसलेली दिसतात. अक्षरे तीच, उच्चार मात्र सात.

शाळेत याचे कारण विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते : इंग्रजी अशीच आहे, पाठ करा. पाठ करण्याआधी कारण शोधायचे, हा या लेखमालेचा पहिल्या भागापासूनचा आग्रह आहे. गेल्या आठवड्यात आपण के-एनचे कुळ पाहिले. गुडघ्याला म्हणतात त्या नी या शब्दातला के एकेकाळी स्पष्ट उच्चारला जाई आणि तो शब्द आपल्या ‘जानु’चा नातलग आहे, हेही पाहिले. आजचे कुळ त्याहून मोठे आहे आणि त्याची पांगापांगही जास्त झाली आहे.

खरी कहाणी शेवटच्या दोन अक्षरांची, जी-एचची आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत घशाच्या मागच्या भागात हवा घासून काढायचा एक ध्वनी होता. उर्दू गझल गाणारा गायक ‘ख़बर’मधला ख ज्या खरखरीने म्हणतो, त्याच्या अगदी जवळचा. जर्मन माणूस रात्रीला ‘नाख्ट’ म्हणतो, स्कॉटलंडमध्ये तळ्याला ‘लॉख’ म्हणतात. त्या शब्दांत तो आजही ऐकू येतो. आज आपण ज्याला थ्रू म्हणतो तो शब्द तेव्हा ‘थुर्ख’ असा काहीसा उच्चारला जाई. त्या काळी हा ध्वनी बहुधा नुसत्या एचने लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काही शतकांत नव्या वळणाच्या लेखनिकांच्या हातून जी-एच ही जोडी त्या ध्वनीसाठी रूढ झाली. म्हणजे ही जोडी कुणाच्या चुकीतून आलेली नाही. ध्वनी होता, म्हणून तो लिहिला गेला.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाई आली तशी स्पेलिंगे हळूहळू गोठू लागली. बोली मात्र त्याच काळात वेगाने बदलत होती. साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकले आणि घशातला हा ध्वनी इंग्लंडच्या प्रमाण बोलीतून नाहीसा झाला. छापखान्यातले खिळे जुना उच्चार छापत राहिले आणि लोक नवा उच्चार बोलू लागले.

तो ध्वनी दोन वाटांनी गेला. दो, थ्रू, बाउ यांत तो विरून गेला. टफ, रफ, कफ, इनफ यांत त्याचा ‘फ’ झाला. घशातल्या ध्वनीचा ओठांवरचा फ कसा झाला? त्याच्या आधीचा स्वर ओठ गोल करून म्हटला जाई. ओठ आधीच पुढे आलेले, त्यामुळे घशातले घर्षण हळूहळू ओठांशी होऊ लागले. कोणता शब्द कोणत्या वाटेने जाणार, हे प्रदेशाप्रदेशाच्या बोलींनी ठरवले आणि प्रमाण भाषेने एकेक रूप वेगवेगळ्या बोलींतून उचलले. मळलेल्या कणकेला इंग्रजीत डो म्हणतात. उत्तरेकडच्या बोलीत त्याचाच ‘डफ’ झाला आणि त्या नावाचे उकडलेले पुडिंग आजही इंग्लंडमध्ये खातात. एकच शब्द दोन्ही वाटांनी गेल्याचा हा पुरावा आहे.

आता या कुळातल्या माणसांची ओळख करून घेऊ, कारण त्यांतले काही आपल्या जवळचे निघतात.

पहिला बाउ. आज त्याचा अर्थ मोठी फांदी. जुन्या इंग्रजीत मात्र तो खांदा आणि दंड यांनाही लावला जाई. फांदी म्हणजे झाडाचा हात. हा शब्द आणि संस्कृत ‘बाहु’ एकाच मुळातून आले आहेत. सदऱ्याची ‘बाही’ म्हणताना आपण त्याच मुळाचा शब्द उच्चारतो.

दुसरा डो. त्याच्या मुळाचा अर्थ मळणे, लिंपणे, मातीला आकार देणे. संस्कृतात त्याच मुळातून ‘दिह्’ धातू आला आणि त्यापासून ‘देह’. मळून, लिंपून घडवलेला तो देह आणि मळलेला गोळा तो डो. इंग्रजीतल्या लेडी या शब्दाच्या जुन्या रूपातही हेच मूळ लपले आहे. त्याचा मूळ अर्थ पावासाठी पीठ मळणारी, म्हणजे घरची धनीण.

तिसरा ट्रॉफ. गुरांना पाणी किंवा चारा देण्यासाठी लाकूड कोरून केलेले लांबट पात्र. लाकूड या अर्थाचे जे आदिम मूळ, त्यातून हा शब्द निघाला. संस्कृतात त्याच मुळाचे ‘दारु’ आणि ‘द्रु’ हे शब्द आहेत. देवदारातला दार तोच. ‘द्रु’पासून ‘द्रोण’ आणि ‘द्रोणी’, म्हणजे लाकडी पात्र, आणि त्यापासून विहिरीकाठी गुरांना पाणी पाजायची आपली ‘डोण’. ट्रॉफचा मराठी अर्थ डोण, आणि डोण त्याची दूरची बहीणही. शब्दकोशात अर्थ शोधायला जावे आणि नाते सापडावे, असा आनंद भाषेच्या अभ्यासात वारंवार मिळतो.

थ्रू आणि थरो हे तर एकाच शब्दाचे दोन उच्चार. मधून आरपार जाणे हा मूळ अर्थ. संस्कृत ‘तिरस्’ त्याच गोत्राचा. काम या टोकापासून त्या टोकापर्यंत केले की ते थरो. वाहतुकीच्या रस्त्याला थरोफेअर म्हणतात, त्यात जुना ‘आरपार’ हा अर्थ अजून शाबूत आहे.

एका स्पेलिंगचे दोन वेगळे शब्दही या कुळात आहेत. एस-एल नंतर ही चार अक्षरे आली आणि उच्चार स्लाउ केला तर अर्थ दलदल. स्लफ केला तर सापाने टाकलेली कात. वाक्याचा संदर्भ पाहूनच उच्चार ठरवावा लागतो.

चार अक्षरांपुढे टी आला की उच्चार बहुतेक ठिकाणी ‘ऑट’ असा एकसारखा होतो. विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त छळणारी भूतकाळी रूपे इथेच आहेत : थिंकचे थॉट, ब्रिंगचे ब्रॉट, बायचे बॉट, सीकचे सॉट. थिंकमध्ये नसलेला जी-एच थॉटमध्ये कुठून आला? क-ग जातीचा ध्वनी ‘त’ला भिडला की जुन्या जर्मानिक भाषांत त्याचा घशातला ध्वनी होई. संस्कृत शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. मुच्‌चे मुक्त होते, भुज्‌चे भुक्त, वच्‌चे उक्त. ‘त’ आला की आधीचे व्यंजन रूप बदलते. थॉटमधला जी-एच हा अशाच संधीचा अवशेष आहे. याच गटातले ऑट, म्हणजे ‘करायला हवे’, हे मुळात ओ या क्रियापदाचे भूतकाळी रूप, आणि त्या क्रियापदाचा अर्थ देणे लागणे. आपणही ‘पैसे देणे लागतो’ म्हणतो आणि ‘जावे लागते’ म्हणतो. कर्ज आणि कर्तव्य एका शब्दाने बोलण्याची ही रीत दोन्ही भाषांना सुचली.

या कुळात एक परकाही शिरला आहे. उचकीला इंग्रजीत हिकप म्हणतात. हा शब्द आवाजावरून आलेला आणि सरळ यू-पीने लिहिला जाणारा. सतराव्या शतकात कुणाला तरी वाटले की यात खोकल्याचा कफ असावा, आणि शेवटी ओ-यू-जी-एच लिहिणे सुरू झाले. लिहिणे बदलले, उच्चार हिकपच राहिला. इथे मात्र ती अक्षरे कोणत्याही जुन्या ध्वनीची खूण नाहीत.

ही अक्षरे काढून टाकण्याचे प्रयत्नही झाले. नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशाने नांगराला म्हणतात त्या प्लाउचे स्पेलिंग डब्ल्यूने संपवले आणि अमेरिकेत ते टिकले. १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सुटसुटीत स्पेलिंगने छापण्याचा आदेश दिला. त्यात दो आणि थ्रूही होते. अमेरिकी काँग्रेसने विरोध केला आणि आदेश मागे घ्यावा लागला.

हा पेच आपल्याला नवा नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पत्रांत ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ असे लिहिलेले सापडते. ते अनुस्वार कुणी उच्चारीत नसे. नाम, ग्राम, पंच या मूळ शब्दांतल्या अनुनासिकाची ती खूण होती, इंग्रजीतल्या जी-एचसारखीच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. मराठीने शिकणाऱ्या मुलाची सोय पाहिली. इंग्रजीने शब्दाची आठवण जपली. तरी ‘ष’ आपणही ठेवलाच आहे. ‘भाषा’ लिहितो आणि बहुतेकजण ‘भाशा’ म्हणतो, म्हणून त्या शब्दाला आपण वेडा म्हणत नाही.

शिक्षकांना आणि पालकांना माझे सांगणे एवढेच आहे : इंग्रजी विचित्र आहे असे मुलांना सांगू नका. फळ्यावर बाउ लिहा आणि शेजारी बाहू लिहा. डो लिहा आणि शेजारी देह लिहा. ज्या मुलाला ही नाती एकदा दिसली, त्याला जी-एच अडगळ वाटणार नाही, आणि तो शब्द त्याच्या स्मरणातून सहजी सुटणारही नाही.

पुढच्या आठवड्यात एम-बीचे कुळ : कोकराचा लॅम, कंगव्याचा कोम आणि अंगठ्याचा थम. यांतला शेवटचा बी दोघांमध्ये मुळापासूनचा आहे आणि एकात मागाहून चिकटलेला. तो कोणता, याचा विचार तोवर करून ठेवा.