पॉइंटर म्हणजे घराचा पत्ता

सिल्वासाचा पिनकोड 396230. ही पद्धत 1972 साली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आणली. त्याच सुमारास डेनिस रिची यांनी 'सी' भाषा घडवली. तिच्यातला पॉइंटर समजताना आम्हीही गोंधळलो होतो!

संगणकाच्या मेमरीत प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, तोच त्याचा पत्ता. 'गुण' या व्हेरिएबलमध्ये 75 ठेवले, तर '&गुण' म्हणजे त्या जागेचा पत्ता. पॉइंटर 75 नव्हे, हा पत्ता जपतो. पॉइंटरपुढे '*' लावून 80 लिहिले, की 'गुण'मध्येच 80 होतात.

प्रात्यक्षिकात अनेक मुले पॉइंटरला पत्ता न देताच त्यात लिहितात. अपुऱ्या पत्त्याचे पत्र पोस्टमन परत नेतो. 'सी' मात्र भलत्याच घरात लिहू पाहते. कधी प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो, कधी चूक कळतही नाही.