पट्टा हातात, खेळ पायांत

विरार पूर्वेला चंदनसारच्या रस्त्यावर शिवजयंतीची मिरवणूक थांबली होती. हलगी तापली, गर्दीने गोल केला आणि बारा-तेरा वर्षांची एक मुलगी दांडपट्टा चढवून आत आली. बघता बघता पाते दिसेनासे झाले, उरला नुसता सूं-सूं आवाज. सगळ्यांचे मोबाइल वर, पात्यावर. मी तिचे पाय बघत होतो. उजवा पुढे, डाव्या चवड्यावर गिरकी, पुन्हा उजवा. समोर कुणीच नव्हते. तरी दर गिरकीला कुणाला तरी पाठीशी येऊ द्यायचे नाही, हे त्या पायांना पक्के ठाऊक होते.

एकट्याने घोटायच्या या ठरीव फेकी म्हणजे पट्ट्याचे ‘हात’, आणि पायांची मांडणी म्हणजे पवित्रा. वर्तमानपत्रांनी ‘आक्रमक पवित्रा’ इतका झिजवलाय की हा मुळात पायांचा शब्द, याचा विसरच पडला. (तोंडाचा पट्टा तेवढा घरोघरी शाबूत आहे.) कोल्हापूरच्या तालमींत आधी लाठी हातात येते, पट्टा मागाहून.

पट्टा असा ठरीव हातांनीच शिकवण्यामागे कारण आहे. पट्ट्याचे पाते लांब, सरळ, लवचीक. मूठ लोखंडी खोबळ्याच्या आत. खोबळ्याने मनगट जखडते. तलवारीत जे मनगटाने साधते ते इथे खांद्याने, कमरेने आणि पावलांनी करायचे. वेगात आलेले पाते मध्येच अडवून माघारी फिरवता येत नाही, म्हणून एक फेक संपते तिथूनच दुसरी सुरू होते. असे हत्यार सुट्या वारांनी शिकवणार कसे? ते ओळीनेच शिकावे लागते. फरीगदग्याचे, म्हणजे ढाल-काठीच्या खेळाचे, तसे नाही. तिथे समोर जोडीदार असतो आणि वारांना नावे असतात: शीर, तमाचा, बाहेरा, जनेवा. जनेवा म्हणजे जानव्याच्या रेषेत, खांद्यापासून कमरेपर्यंत उतरणारा वार.

असे हात एकट्या पट्ट्याचेच नाहीत. चंदनसारहून वसईचा किल्ला फार लांब नाही. १५३४ पासून चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये तो घेईपर्यंत तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्याच काळात, १६५१ मध्ये, दियोगो गोमेश द फिगेरेदो या पोर्तुगीज सेनाधिकाऱ्याने मोंतांते, म्हणजे दोन हातांनी पेलायच्या लांब तलवारीवर एक टिपण लिहिले. त्यात सोळा साधे आणि सोळा जोड नियम आहेत. नियम कसले, एकट्याने गिरवायचे हातच ते! अरुंद गल्लीसाठी एक, रुंद रस्त्यासाठी दुसरा, गलबतावरच्या चिंचोळ्या वाटेसाठी, सोबतच्या बाईच्या रक्षणासाठी निराळे. मला मोल वाटते ते याचे, की वाराबरोबर पाऊलही तो लिहून ठेवतो. आज युरोपातले हौशी लोक अशाच पोथ्यांवरून विद्या उभी करू बघताहेत, कारण शिकवणारी परंपरा तुटली. जपानने आपले ‘काता’, म्हणजे तिथले असेच ठरीव हात, शस्त्रविद्येच्या शाळाशाळांतून राखले.

आपल्याकडे वस्ताद आहेत. बडोद्याहून निघालेल्या मुजुमदारांच्या व्यायामज्ञानकोशाचे दहा खंडही आहेत, पण छापील चित्रात गिरकी कुठून दिसणार? २०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र झाला, तो मान योग्यच. मिरवणुकीतल्या टाळ्या मात्र लिंबू कापण्याला आणि वेगाला. रस्ता अडलेला, मागे डीजे खोळंबलेला. मग हात अर्ध्यावर तोडतात आणि पवित्रा पहिला गळतो. उरते ती नुसती भिरभिर.

तेव्हा पुढच्या शिवजयंतीला मोबाइल काढाल, तर चार पावले मागे सरकून धरा. चौकटीत पाय येऊ द्या.